मरियेला देवी म्हणण्याची घाई

दर सप्टेंबरात वांद्र्याची जत्रा भरली की मोत माउलीवर, म्हणजे तिथल्या मरियामातेवर, कोणी ना कोणी लिहितोच. टेकडीवर कोळणी मेणबत्त्या घेऊन चढतात, मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरे वाहतात, गर्दीत हिंदू अधिक की ख्रिस्ती ते ओळखू येत नाही, आणि लेखाचा शेवट ठरलेला असतो : ही आपलीच आदिमाता, पोर्तुगिजांनी तिला निळा झगा चढवला एवढेच. लेखकाचे वाचन थोडे अधिक असले तर तो इजिप्तच्या इसिसपर्यंत जातो, इफिससच्या आर्टेमिसचे नाव घेतो, मेक्सिकोची तोनान्त्सिन साक्षीला आणतो. हे मत आता इतके रुळले आहे की त्याच्याकडे कोणी पुरावा मागत नाही.

या मताच्या पोटात आणखी एक मत दडलेले असते आणि माझा खरा वाद त्याच्याशी आहे. मरिया देवी ठरली की तिच्यापाशी जाणे म्हणजे नवस आणि कौल, हे ओघानेच आले. मग एखादा कॅथलिक माणूस ‘मरियामातेने मला वाट दाखवली’ म्हणतो तेव्हा तो गावदेवीला प्रसाद लावणाऱ्याहून वेगळे काही करत नाही, डोक्याला ताप नको म्हणून निर्णय वर सोपवतो, असा निकाल परस्पर लागतो. सश्रद्ध लेखक हे कौतुकाने म्हणतात, बुद्धिवादी तुच्छतेने. दोघांचे गृहीतक मात्र एकच.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनाला अर्थ राहत नाही, म्हणून त्याची सर्वांत बळकट बाजू आधी घेतो. ती वांद्र्याला नाही, म्हापशाला आहे. बार्देशातल्या लोकांच्या श्रद्धेनुसार देवी सात बहिणी : शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई अशा. त्यांतली मीराबाई ख्रिस्ती झाली आणि म्हापशाच्या सेंट जेरोम चर्चात मिलाग्रिस सायबीण म्हणून बसली. ईस्टरनंतर येणाऱ्या तिच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन रांगेत उभे राहतात. हे नाते लोकांनी स्वतः मानलेले आहे, कोणा संशोधकाने जुळवलेले नाही. त्यामागे इतिहासही आहे, आणि तो काही गोड नाही. १५६७ साली साष्टीतली देवळे पाडली गेली, देव रातोरात नदीपलीकडे न्यावे लागले, म्हाळसा वेरण्याहून म्हार्दोळला गेली. मोकळ्या झालेल्या जागांवर चर्चे उभी राहिली. जिथे देवीचा गाभारा होता त्या परिसरात उद्या मेरीची वेदी दिसली तर गावकऱ्याने दोन्ही एकच मानू नयेत अशी अपेक्षा करणे मूर्खपणाचे ठरेल. मेक्सिकोच्या तेपेयाक टेकडीवर हेच घडले. तिथे येणारे आदिवासी ग्वादालूपेच्या मातेला तोनान्त्सिन म्हणतात ही तक्रार सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन संन्याशानेच नोंदवून ठेवली आहे. आणि आपल्याकडे दा. ध. कोसंबींनी १९६२च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त पुण्याच्या आसपासच्या आडवाटांवर मातृदेवता शोधून दाखवल्यापासून प्रत्येक स्त्रीदैवताच्या खाली दुसरे स्त्रीदैवत शोधायची सवय मराठी अभ्यासकांना लागली. सवय चांगलीच आहे. प्रत्येक वेळी उत्तर तेच येऊ लागले की मात्र शंका घ्यावी.

तेव्हा जागा, तिथी, तेल, फुले, मांडव, मिरवणूक, वेलंकन्नीच्या मूर्तीची जरीची साडी यांतले बरेच काही जुन्या देवीच्या घरातून आले, हे मी मान्य करतो. ‘कुठून आले’ आणि ‘आता काय करते’ हे मात्र दोन वेगळे प्रश्न आहेत. पडक्या वाड्याचे चिरे लावून शाळा बांधली म्हणून शाळेत सरदार नांदत नाही.

आणि ‘कुठून आले’ याचेही उत्तर वाटते तितके सरळ नाही. इफिससचे उदाहरण घ्या, ते सर्वांत जास्त वेळा दिले जाते. ४३१ साली इफिससला धर्मपरिषद भरली, तिथे मरियेची ‘देवमाता’ ही पदवी मान्य झाली, त्याच शहरात आर्टेमिसचे जगप्रसिद्ध मंदिर होते, म्हणून आर्टेमिसचीच मरिया झाली, असा हा हिशेब. यात कालक्रम कोणी तपासत नाही. ते मंदिर गॉथांनी तिसऱ्या शतकातच उद्ध्वस्त केले होते. आणि ती पदवी इफिससला जन्मलेलीच नाही. परिषदेच्या शंभरेक वर्षे आधी अलेक्झांड्रियाचा बिशप अलेक्झांडर आपल्या पत्रात ती सहज वापरतो. परिषदेतले भांडणही मरियेबद्दल नव्हते. कॉन्स्टँटिनोपलच्या नेस्टोरियसचे म्हणणे असे की, तिला ख्रिस्ताची आई म्हणावे, देवाची म्हणू नये; अलेक्झांड्रियाचा सिरिल म्हणत होता की, तिच्या पोटी आलेला तो पहिल्या क्षणापासून देवच होता. वाद मुलाचा, आईचे नाव निमित्ताला. परिषदेचा निकाल लागला त्या रात्री इफिससच्या लोकांनी मशाली पेटवून बिशपांना मुक्कामाला पोहोचवले, आणि त्या गर्दीत कोणाच्या मनात आर्टेमिस असेलही. पण गर्दीच्या मनावरून परिषदेचा सिद्धान्त ठरत नाही.

उलट बाजूचा एक पुरावा मात्र ‘आदिमाता’वाले कधी सांगत नाहीत. चौथ्या शतकात, इफिससच्या पन्नासेक वर्षे आधी, सायप्रसमधल्या सालामिसचा बिशप एपिफानियस याने पाखंडांची एक मोठी जंत्री लिहिली. तिच्यात अरबस्तानातल्या काही बायकांची नोंद आहे. त्या एक आसन सजवून त्यावर कापड अंथरत आणि मरियेच्या नावाने भाकरी वाहून मग ती आपसांत वाटून खात. नैवेद्य आणि प्रसाद, दुसरे काय! एपिफानियस त्यांच्यावर तुटून पडतो. त्याचे म्हणणे एवढेच : मरियेला मान द्या, पूजा देवाची करा. म्हणजे मरियेची खरोखर देवी होऊ लागली होती तेव्हा ते चर्चच्या लक्षात आले, आणि चर्चने ते नाकारले. पुढे ७८७ साली निसियाच्या दुसऱ्या परिषदेने मूर्ती-चित्रांना मान देणे आणि देवाची आराधना करणे यांत रेघ ओढली, आणि कॅथलिक धर्मशास्त्राने मरियेचे स्थान त्या रेघेच्या मानाच्या बाजूला ठेवले; सगळ्या संतांच्या वर, पण संतांच्याच रांगेत.

यावर उत्तर येते की, धर्मशास्त्राच्या रेघा पंडितांसाठी, मेणाचे घर वाहणाऱ्या बाईला त्यांचे काय? आक्षेप रास्त आहे. ती बाई मागायलाच आली आहे आणि तिच्या मागण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण मागणे हे देवपणाचे लक्षण कधीपासून झाले? वांद्र्याहून पलीकडे माहीमला मखदूम बाबांच्या दर्ग्यात चादर चढवणारा मुसलमान बाबांना अल्ला समजत नाही. हरवलेली किल्ली सापडावी म्हणून सेंट अँथनीला साकडे घालणारी वसईची आजी अँथनीला देव म्हणत नाही. त्या बाबतीत आपण लगेच समजून घेतो. मागणे एका बाईपाशी असले की मात्र आपल्याला देवी दिसू लागते. हा आपल्या नजरेचा दोष आहे, त्या आजीचा नाही.

आता मुख्य मुद्दा, मार्गदर्शनाचा. शुभवर्तमानांत मरिया किती थोडी दिसते हे मूळ वाचल्याशिवाय कळत नाही. लूकच्या वृत्तान्तात देवदूत निरोप घेऊन येतो तेव्हा ती आधी बिचकते, मग हे कसे होणार म्हणून विचारते, उत्तर ऐकते आणि मग होकार देते. त्या होकाराच्या आधी प्रश्न आहे हे तिला निमूट आज्ञाधारक स्त्रीचा आदर्श ठरवणारे चर्चमधले आणि चर्चबाहेरचे दोघेही विसरतात. पुढे बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहतो, तीन दिवसांनी सापडतो, आणि तो जे उत्तर देतो ते आईबापांना कळत नाही. लूक हे स्पष्ट लिहितो. गोठ्याच्या प्रसंगी आणि या प्रसंगानंतर तो हेही लिहितो की, तिने या गोष्टी मनात ठेवल्या. पहिल्या खेपेला त्यांवर ती विचार करीत राहिली असेही जोडतो. योहानच्या वृत्तान्तात कानाच्या लग्नात द्राक्षारस संपतो तेव्हा ती मुलाच्या कानावर घालते, वाढप्यांना तो सांगेल तसे करा म्हणते आणि बाजूला होते. शुभवर्तमानांत त्यानंतर तिच्या तोंडी एकही वाक्य नाही.

कुठल्या देवीच्या माहात्म्यात असे लिहिलेले असते की, तिला अमुक गोष्ट समजली नाही? देवीला सगळे ठाऊक असते. म्हणूनच तिला कौल लावायचा. मरियेचा भक्त तिच्याकडे जातो ते तिला वाट आधी सापडलेली होती म्हणून नाही; तिला ती अंधारात, प्रश्न विचारत, चुकल्यासारखे वाटत चालावी लागली म्हणून. इंग्रज धर्मपंडित जॉन हेन्री न्यूमनने हे फार नेमके पकडले. २ फेब्रुवारी १८४३ रोजी ऑक्सफर्डच्या विद्यापीठ चर्चमध्ये तो धर्मसिद्धान्तांचा विकास कसा होतो या विषयावर बोलला, तेव्हा तो कॅथलिक झालेलाही नव्हता. ऐकणारे विद्यापीठातले. विषय इतका रुक्ष, आणि त्याने आरंभीच मरियेला पुढे आणले. सत्य नुसते स्वीकारणारी नव्हे, स्वीकारून त्यावर डोके चालवणारी, म्हणून तिला त्याने साध्या श्रद्धाळूंच्या बरोबरीने पंडितांचाही आदर्श म्हटले. शरण जाणे आणि विचार करणे यांत बुद्धिवादी जी भिंत उभी करतात ती तिथे नाहीच.

कौल आणि मार्गदर्शन यांतला फरक मात्र मला लोयोलाच्या इग्नेशियसच्या चरित्रात सर्वांत स्वच्छ दिसतो. त्यानेच स्थापलेल्या येशूसंघातून पुढे फ्रान्सिस झेवियर गोव्याला आला आणि ‘क्रिस्तपुराण’कार थॉमस स्टीफन्सही. पण ही गोष्ट स्पेनमधली, १५२२ सालची. आदल्या वर्षी पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला हा शिपाईगडी बरा होऊन, खेचरावर बसून माँतसेरातच्या मठाकडे निघाला होता. वाटेत एक मूर, म्हणजे स्पेनमधला मुसलमान, भेटला. बोलता बोलता विषय मरियेच्या कौमार्यावर आला. पुरुषाच्या संबंधाशिवाय गर्भ राहिला हे मूराला पटत होते, बाळंतपणानंतरही ती कुमारीच राहिली हे काही केल्या पटेना. तो पुढे निघून गेला आणि इग्नेशियसच्या डोक्यात राख गेली : मातेचा अपमान ऐकून घेतला, आता गाठून सुरा खुपसावा की सोडून द्यावे? ठरेना. शेवटी त्याने ठरवले की, फाट्यावर लगाम सैल सोडायचा; खेचर गावाच्या रस्त्याने गेले तर मूराला मारायचे, हमरस्त्याने गेले तर सोडायचे. गावचा रस्ता रुंद आणि सोपा होता. खेचर हमरस्त्याने गेले.

हा शुद्ध कौल. आणि तोही मरियेच्या नावाने. ‘आदिमाता’वाल्यांनी पुरावा म्हणून हाच प्रसंग द्यायला हवा होता, पण तो त्यांच्या वाचनात दिसत नाही. कारण पुढचा भाग अडचणीचा आहे. तोच इग्नेशियस २४ मार्चची रात्र माँतसेरातच्या काळ्या मरियेपुढे जागला, तलवार आणि सुरा वेदीपाशी अडकवून ठेवला, मग मानरेसाला बरेच महिने राहिला आणि त्या अनुभवांतून त्याची ‘आध्यात्मिक साधना’ तयार झाली. तिच्यात निर्णय कसा घ्यावा याची पद्धत आहे. दोन्ही बाजूंचे फायदेतोटे मांडा. कधी न पाहिलेला माणूस याच प्रश्नावर सल्ला मागायला आला तर त्याला काय सांगाल ते पाहा. मरणाच्या घडीला कोणता निर्णय घेतलेला असावासा वाटेल ते पाहा. मनात येणारा विचार मागे काय ठेवून जातो, शांती की कोरडेपणा, यावर लक्ष ठेवा. या पद्धतीत मरिया आहेच. साधनेतल्या महत्त्वाच्या टप्प्यांवर साधकाने आधी मरियेशी बोलायचे, तिने पुत्राकडे शब्द टाकावा म्हणून, मग पुत्राशी, मग पित्याशी. ती पहिली पायरी आहे, आणि पहिल्या पायरीवर थांबायचे नसते. मरिया राहिली, खेचर गेले. म्हातारपणी आपल्या आठवणी सांगताना इग्नेशियसने खेचराची गोष्ट न लपवता सांगितली. त्या वेळी आपल्याला विवेक ठाऊक नव्हता हे दाखवण्यासाठीच ती त्याने सांगितली, असे माझे वाचन आहे.

मरिया ही पुत्राकडे नेणारी पायरी, हेच चित्रात पाहायचे असेल तर बुधवारी माहीमला जावे. सेंट मायकल चर्चात १९४८पासून दर बुधवारी नोव्हेना चालते. हिंदू, मुसलमान, पारशी सगळे येतात, आपापल्या अडचणींच्या चिठ्ठ्या घालतात. ज्या चित्रापुढे हे चालते ते नित्य साहाय्य मातेचे. मूळ चित्र रोममध्ये आहे, घडण बायझंटाइन. गर्दीतून ते नीट दिसत नाही, म्हणून छापील प्रत हातात घेऊन पाहावी. बाळ आईकडे पाहत नाही. मान वळवून ते मागच्या देवदूताकडे पाहते आहे. त्याच्या हातात क्रूस आहे, दुसऱ्या बाजूच्या देवदूताच्या हाती भाला आणि काठीवरचा स्पंज. घाबरून आईच्या कुशीत शिरताना बाळाच्या एका पायातली चप्पल निसटून नुसत्या बंदावर लोंबते आहे. दोन्ही चिमुकले हात आईच्या उजव्या हातात. आणि आई? ती आपल्याकडे पाहते, तिचा हात मात्र बाळाकडे वळलेला. पौर्वात्य चित्रपरंपरेत पुत्राकडे हात करून वाट दाखवणाऱ्या मरियेचा एक जुना घाट आहे, त्याच घराण्यातले हे चित्र. इथे ती वर देत नाही, अभय देत नाही, हाती शस्त्र नाही, पायाखाली राक्षस नाही. बाळाची भीतीही तिला घालवता आलेली नाही.

राहिला दृष्टान्तांचा प्रश्न. मरिया अमक्याला दिसली, तिने तमका निरोप दिला, आणि लाखो माणसे त्या निरोपावर चालली, यात विवेक कुठे, असे विचारले जाते. लूर्दला १८५८ साली बेर्नादेतला अठरा वेळा दर्शन झाले. बिशपने चौकशी बसवली आणि निकाल द्यायला १८६२ उजाडले. तिथे बरे झाल्याचे दावे हजारोंनी आले, चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. असे खासगी साक्षात्कार मानणे कोणाही कॅथलिकाला बंधनकारक नाही, ही शिकवण आजही कायम आहे. मे २०२४मध्ये व्हॅटिकनने नवे नियम काढले, त्यांनुसार एखादी घटना अलौकिक आहे असे जाहीर करणेच सहसा टाळायचे. फार तर ‘हरकत नाही’ म्हणायचे. ज्या संस्थेला देवी विकायची आहे तिने धंदा असा केला नसता.

भक्तांनीही तो तसा केला नाही. क्लेरव्होचा बर्नार्ड हा बाराव्या शतकातला मरियेचा मोठा भक्त. वादळात सापडलेल्यांनी तिच्याकडे ताऱ्यासारखे पाहावे, असे त्याने सांगितले. त्याच बर्नार्डने लिआँच्या धर्मगुरूंनी मरियेच्या निष्कलंक गर्भधारणेचा सण सुरू केला तेव्हा खरमरीत पत्र लिहून विरोध केला. तो सिद्धान्त अखेर १८५४ साली मान्य झाला. मधली सात शतके चर्चमधलेच मोठे पंडित त्यावर भांडत होते. दुसऱ्या बाजूला ज्या मार्टिन लूथरच्या नावाने मरियाभक्तीला नावे ठेवली जातात त्याने १५२१ साली मरियेच्या स्तोत्रावर भाष्य लिहिले आणि त्यात तिच्याबद्दल आदराशिवाय काही नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण मराठी वाचकाला ख्रिस्ती धर्म कळला तो बहुतांशी प्रॉटेस्टंट लेखणीतून : बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक. त्यांच्या लेखनाचे ऋण मोठे आहे. पण मरियेबाबत आपल्या वाचकाला जे मिळाले त्यात प्रॉटेस्टंटांचा जुना संशय आणि देवीशोधकांचा नवा उत्साह एवढेच होते. तिच्यापुढे दररोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणणाऱ्यांची बाजू कोणी विचारली नाही.

म्हापशाच्या सायबिणीला लईराईची बहीण मानून तेल घालणाऱ्याशी माझे काही भांडण नाही. भांडण अभ्यासकांशी आहे, आणि त्यांच्यापुढे शेवटी दोन घटना ठेवतो. २९ ऑक्टोबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मतदान झाले. प्रश्न असा होता की, मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज काढायचा की, तिला चर्चवरच्या दस्तऐवजातच एक प्रकरण द्यायचे? १,११४ विरुद्ध १,०७४ मतांनी तिला चर्चमध्ये, म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायात, बसवण्यात आले. अवघ्या चाळीस मतांचा फरक. बाजू केवढी अटीतटीची होती ते यावरून कळावे. नोव्हेंबर २०२५मध्ये तिला ‘सहउद्धारक’ म्हणणेही उचित नाही, असे व्हॅटिकनने स्पष्ट केले. मरिया ही झगा घातलेली आदिमाताच, असे ज्यांना यापुढेही लिहायचे असेल त्यांनी दोन गोष्टींचा खुलासा करावा : देवीच्या भक्तांनी तिला अमुक कळले नाही असे आपल्याच ग्रंथात का लिहून ठेवले, आणि देवीच्याच पुजाऱ्यांनी मतदान करून तिला भक्तांच्या रांगेत का नेऊन बसवले. तो खुलासा येईपर्यंत हे मत असिद्धच धरावे लागेल.